समाजमंदिराच्या भिंतीवर नामांतर लढा: पैसा कुठून आणायचा?

प्रश्न (जिंतूर तालुका)
वस्तीतल्या समाजमंदिराची रस्त्याकडची भिंत 30 बाय 10 फूट आहे. मातंग, वडार आणि बौद्ध घरांतले चार चित्रकार तिच्यावर नामांतर लढा (मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळावं म्हणून झालेला) रंगवणार आहेत. रंगाचे पैसे वर्गणीतून निघतील, पण चित्रकारांना फुकट राबवायचं नाही. मंडळ नोंदणीकृत नाही. वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीचा सीएसआर (कंपनीने सामाजिक कामाला द्यायचा निधी) मिळेल का? भिंत ग्रामपंचायतीची आहे.

हिशेबनीस
थेट मंडळाला मिळणार नाही. आयकर कायद्याची 12ए व 80जी आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी असलेली संस्था सोबत घ्या, पैसा तिच्या खात्यात येईल. कंपनी कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये कला-संस्कृतीचा मुद्दा आहे, त्याखाली अर्ज करा. फेब्रुवारी-मार्चची वाट बघू नका, तोवर बहुतेक निधी वाटून झालेला असतो.

अर्जात ‘सुशोभीकरण’ हा शब्द चुकूनही नको. तो दिसला की रंगाचे डबे मंजूर होतात आणि मानधनाची ओळ उडते. दिवस मोजून लिहा: आराखडा 3 दिवस, भिंतीवर 10 दिवस, चौघांचे मिळून 52 दिवस. रोजचा दर निदान तुमच्याकडच्या कुशल गवंड्याच्या हजेरीइतका धरा. चौघांचे पॅन आधी काढा; टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) लागू झाला आणि पॅन नसले तर तो 20 टक्क्यांनी कापला जाईल.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. रक्कम लहानच असते. त्यातून भिंतीची दुरुस्ती मागा.

करारवाला
ग्रामसभेचा ठराव घ्या. सरपंचांच्या तोंडी होकारावर काम सुरू केलं तर पुढची बॉडी चुना फासून मोकळी होते. ठरावात भिंतीचं माप, विषय आणि ‘किमान 5 वर्षं पुसणार नाही’ एवढं हवंच.

कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो, वेगळा करार नसेल तर. म्हणून हक्क चित्रकारांकडे राहतील असं लिहून घ्या. कंपनीला फक्त अहवालात फोटो छापण्याची परवानगी द्या. नाव लावून घेण्याचा आणि चित्राची मोडतोड रोखण्याचा हक्क कलम 57 मुळे विकल्यावरही उरतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांना 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 5 लाखांची भरपाई दिली, ती याच कलमावर. कंपनीचा लोगो कोपऱ्यात, चित्रकारांच्या नावांपेक्षा लहान. यावर अडून बसा.

आणि तारखा दोन्ही घाला: 27 जुलै 1978 चा विधिमंडळाचा ठराव आणि 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार. मधली साडेपंधरा वर्षं हाच तर लढा आहे.

प्रश्नकर्ते
ठराव घेतो. भिंतीला गुडघ्यापर्यंत लोणा (ओलीमुळे फुटलेले क्षार) आहे, वर जुना चुना. पुट्टी मारू का?

रंगकाम
लोणा लागलेल्या भागावर पुट्टी टिकत नाही, पहिल्याच पावसाळ्यात फुगून पापुद्रे सुटतात. खालचं 2 फूट प्लास्टर विटेपर्यंत खरवडा, नवं करा, 28 दिवस जाऊ द्या. तेवढा पट्टा एकरंगी ठेवा, चेहरे त्याच्या वर. चुना तारेच्या ब्रशने काढून धुवा.

चित्र 30 बाय 8, म्हणजे 240 चौरस फूट. पट्ट्यासकट पूर्ण भिंतीला बाहेरचा प्रायमर 3 लिटर, दोन हात अ‍ॅक्रिलिक 6 लिटर. गडद निळा पांढऱ्यात स्टेनर (बाटलीतला घट्ट रंग) ओतून येत नाही, हाताला भुकटी लागते. मशीनवर मिसळून घ्या. भिंत पश्चिमेला असेल तर भडक लाल-पिवळे आधी उडतात, गेरूच्या जातीचे रंग टिकतात. दिवाळीनंतर सुरू करा. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो.