मदत हवी आहे: सर्दीमुळे बाळ दूधच घेऊन नाही राहिलं

मनीषनगरची आई (रात्री १०.२२)
कोणीतरी लवकर सांगा. लेकराला परवापासून सर्दी आहे, नाक पूर्ण चोंदलं आहे. आज दुपारपासून तर दूधच घेऊन नाही राहिला. दोन घोट ओढतो, सोडतो, तोंड फिरवून रडतो. घरात ड्रॉप होते ते घातले, काही फरक नाही. सासूबाई म्हणतात ओवा-लसणाची धुरी दे, माझी आई फोनवर म्हणते मधाचं बोट चाटव. हे कामाने रायपूरला गेले आहेत. कोणतं औषध आणू तेवढं सांगा, खालचं मेडिकल अकराला बंद होतं.

दोन लेकरांचा बाप (१०.२६)
ताई, बाळ केवढं आहे ते तर लिहा. दीड महिन्याचं की दीड वर्षाचं? ताप आहे का? अंगावरचं पितं की वरचं? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

इतवारीची काकू (१०.२८)
तू संत्री खाऊन राहिली असशील बाई. थंडीत आईनं संत्रं, दही, भात खाल्ला की सगळा थंडावा दुधातून लेकराले जाते. आमच्या वेळी सव्वा महिना नाही, चांगले सहा महिने संत्र्याले हात लावू देत नव्हते. आजपासून बंद कर. आणि टाळूवर वेखंड उगाळून लाव.

काटोलकर (१०.३१)
काकू, संत्र्यावर उगाच नाव घेऊ नका. आमच्या घरी तीन पिढ्यांची बाग आहे, बाळंतिणी संत्री खातच आल्या. सर्दी विषाणूनं होते, घरात कोणाला तरी आधी झाली असेल त्याच्याकडून बाळाला आली. आईच्या ताटातलं संत्रं दुधातून सर्दी नेत नाही.

इतवारीची काकू (१०.३३)
तुमची बाग आहे म्हणून तुम्ही असं म्हणता. मी पाच नातवंडं वाढवली.

औषधवाला दादा (१०.३५)
ताई, सर्दी-खोकल्याचं कोणतंही सिरप आणू नका. मी स्वतः काउंटरवर उभा राहतो. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या सिरपनं दगावली ते नागपुरात कोणाला सांगायला नको, त्यातली कित्येक इथेच आणली होती. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन होतं, किडन्या गेल्या. त्यानंतर केंद्राने पुन्हा कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहूच नका. ते सिरप चांगलं असतं तरी इतक्या लहान बाळाला त्याचा उपयोग नाही.

आणायचेच तर मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब आणा. बाटलीवर फक्त सोडियम क्लोराइड लिहिलेलं पाहिजे, ०.६५ टक्के. दुसरं कोणतंही नाव असेल तर परत करा. नाकाच्या बाटल्या सारख्याच दिसतात आणि मोठ्यांचं नाक मोकळं करणारे ड्रॉप लहान बाळाला धोक्याचे असतात. तुम्ही घरातले कोणते ड्रॉप घातले?

मनीषनगरची आई (१०.३९)
११ तारखेला तीन महिने पूर्ण झाले. अंगावरचंच पितो. काखेत ताप ९९.४. छाती घरघर वाजते. आता मधाचं सांगा, देऊ की नको?

निवृत्त सिस्टर, हुडकेश्वर (१०.४४)
मध नको. वर्षाच्या आत एक थेंबही नाही, त्यातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. धुरी नको, बंद खोलीतल्या शेगडीच्या धुरानं श्वास आणखी कोंडतो. कापूर आणि कापराचा बाम दोन वर्षांच्या आत अजिबात नको. नाकात तेल, तूप, आईचं दूध काहीच घालू नका, तेल फुप्फुसात उतरलं की त्याचाच न्यूमोनिया होतो. सासूबाईंना रागावू नका, त्याही लेकराच्या काळजीनंच सांगतात.

आता मला तीन गोष्टी सांगा. सकाळपासून सू किती वेळा झाली? हसतो-बघतो की मलूल पडून राहिला? आणि श्वास मिनिटाला किती आहे?

तीन महिन्यांचं बाळ मुख्यतः नाकानंच श्वास घेते. पिताना तोंड भरलेलं, नाक बंद, मग ते करेल काय? ओढते, गुदमरते, सोडून देते. त्याला भूक आहे, पिता येऊन नाही राहिलं. म्हणून पाजायच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत मिठाच्या पाण्याचे एक-दोन थेंब, दोन-तीन मिनिटं थांबून मऊ कापडानं पुसा, मग पाजा. थोडं थोडं, दर तासा-दीड तासानं. अंगावर नाहीच ओढलं तर दूध काढून वाटी-चमच्यानं, बाळाला उभं धरून. वरचं पाणी नाही.

पण हे सगळं श्वास ठीक असेल तरच. आधी मोजा.

मनीषनगरची आई (१०.५२)
डायपर सकाळपासून दोनदाच बदललं. संध्याकाळी सहापासून कोरडंच आहे. श्वास मोजला, १५ सेकंदांत १७ झाले, म्हणजे ६८. पण तेव्हा रडत होता.

दोन लेकरांचा बाप (१०.५४)
रडताना जास्तच येतो, घाबरू नका. आमच्या धाकट्याचंही असंच झालं होतं, सकाळी आपोआप मोकळा झाला. पारा दहाच्या खाली आहे, एवढ्या थंडीत त्याला रात्री बाहेर काढू नका. सकाळी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवा.

निवृत्त सिस्टर, हुडकेश्वर (१०.५७)
दादा, तुमच्या लेकराचं बरं झालं त्याचा आनंद आहे, पण न मोजता सकाळपर्यंत थांबा म्हणू नका. मी खेड्यात बत्तीस वर्षं काम केलं. आमच्याकडे लेकरांच्या न्यूमोनियाला डब्बा म्हणत. माय म्हणायची "पोट उडून राहिलं जी", आणि आम्ही पोहोचेपर्यंत उशीर झालेला असायचा. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या माणसांना लेकरांचा श्वास मोजायला शिकवलं आणि न्यूमोनियानं जाणारी बाळं वाचली. अक्षर न वाचता येणाऱ्यांनीही ते केलं. मग आपण का नाही मोजायचा?

ताई, शांत झाला की झगा वर करा, दिवा लावा, पोटाकडे बघा. घड्याळाचं पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान बाळाचा श्वास थांबत-पळत चालतो, हिशेब चुकतो. दोनदा मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त म्हणजे जलद. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडतो का तेही बघा.

औषधवाला दादा (११.०१)
ताई, ड्रॉपचं नाव सांगाल का? दुसऱ्यांदा विचारतो आहे.

मनीषनगरची आई (११.०८)
खांद्यावर झोपला तेव्हा मोजला. एकदा ६२, एकदा ६४. खड्डा पडतो. आधी वाटलं बारीक आहे म्हणून दिसत असेल. दूध काढून चमच्यानं देऊ का आधी?

निवृत्त सिस्टर, हुडकेश्वर (११.०९)
नको. साठच्या वर श्वास चालला असताना तोंडात दूध घालू नका, ते श्वासनळीत जाऊ शकते. निघा. मेडिकलला जा.

मनीषनगरची आई (११.१०)
खालचं मेडिकल बंद झालं आत्ताच.

काटोलकर (११.११)
दुकान नाही ताई, मेडिकल चौकातलं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल! तिथे रात्रभर कॅज्युअल्टी चालू असते. जवळ बाळांच्या डॉक्टरचं रात्री उघडं असलेलं हॉस्पिटल असेल तर तेही चालेल. गाडी नसेल तर १०८ लावा. शेजारच्या कोणाला तरी उठवा, एकट्या जाऊ नका.

निवृत्त सिस्टर, हुडकेश्वर (११.१२)
टोपी, स्वेटर, दुपटं, पण नाक-तोंड झाकू नका. उभा धरा, आडवा नको. ओठ निळे दिसले किंवा कण्हायला लागला तर दारातच ओरडून सांगा, नंबर लावत बसू नका. सूचं आणि घातलेल्या ड्रॉपचं नक्की सांगा.

इतवारीची काकू (११.३०)
पोहोचली का बाई? गजानन महाराजांपुढे दिवा लावला मी.

इतवारीची काकू (पहाटे ५.४०)
कळव व माय काहीतरी.

मनीषनगरची आई (तिसऱ्या दिवशी, दुपारी ४.१५)
आता वेळ मिळाला. वरच्या मजल्यावरच्या काकांनी गाडी काढली. बाळाचा ऑक्सिजन कमी होता, लगेच नळी लावली. ब्रॉन्किओलायटिस आहे म्हणाले, विषाणूनं बारीक श्वासनलिका सुजतात, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास होतो. विषाणूचा आजार म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. पहिल्या रात्री माझंच दूध काढून नाकातल्या नळीनं पोटात सोडलं. ते बघून मी खूप रडले, पण दोन तासांनी पहिल्यांदा सू झाली.

औषधवाले दादा, तुम्ही दोनदा विचारलं आणि मी घाईत उत्तर दिलं नाही. ते ह्यांचे ड्रॉप होते. बाटलीवर झायलोमेटाझोलिन लिहिलं आहे, म्हणजे तुम्ही म्हणालात तेच मोठ्यांचं नाक मोकळं करणारं औषध. एकेक थेंब घातला होता, एकदाच. डॉक्टरांनीही आधी तेच विचारलं, मी बाटली सोबत नेली होती म्हणून दाखवता आली.

आज सकाळी ऑक्सिजन काढला. अंगावर एका बाजूला सलग सात मिनिटं प्यायला. श्वास ४४. खोकला मात्र आहेच, तो किती दिवस राहतो?

निवृत्त सिस्टर, हुडकेश्वर (४.३१)
दोन-तीन आठवडे राहू शकतो, हळूहळू कमी होईल. घरी आल्यावर चार-पाच दिवस झोपेत रोज मोजत जा. पन्नासच्या वर गेला किंवा पुन्हा पिणं कमी झालं तर परत न्या. घरात ज्याला सर्दी असेल त्यानं बाळाला घेण्याआधी साबणानं हात धुवावेत, पापे घेऊ नयेत.

इतवारीची काकू (४.५०)
देवच पावला. तू पोटभर जेव आता, दूध येईल. संत्रं खाल्लं तरी चालेल.

काटोलकर (४.५८)
पत्ता कळवा ताई, पेटी पाठवतो.