दारात दिलेलं नाव मंडळीच्या यादीत जात नव्हतं

‘नाव-फोन लिहून दिले तरी चर्चमधून कोणी विचारपूस केली नाही, इंग्लंडमधल्या मंडळ्या कोरड्या’ हे एकाचं मत पटलं नाही. २०२० मध्ये, कोरोनाकाळात, चर्चच्या दाराशी घेतलेली माहिती ‘टेस्ट अँड ट्रेस’साठी, म्हणजे बाधितांच्या संपर्कातल्या लोकांना शोधण्याच्या सरकारी योजनेसाठी, असायची. ती २१ दिवस ठेवून नष्ट करायची, दुसऱ्या कामाला वापरायची नाही, असा दंडक होता. म्हणजे त्या नंबरवर फोन न करणं हेच बरोबर होतं.

त्यात सप्टेंबर २०२० पासून दुसऱ्या घरच्यांत मिसळायला मनाई होती; शिवाय उपासनेनंतरचा चहा बंद, प्रभुभोजनात फक्त भाकर, द्राक्षारस नाही, आणि आत बसून सगळ्यांनी गायला थेट जुलै २०२१ मध्ये परवानगी. नवख्याची ओळख होते ती चहाच्या वेळी. नेमकी तीच वाट बंद! अशा वेळी व्हिकरना (तिथल्या पाळकांना) स्वतंत्र ईमेल करणं हाच खरा उपाय होता: नाव, पत्ता, बाप्तिस्मा झालाय का हे लिहायचं, झूमवरच्या बायबल अभ्यासगटाची लिंक मागायची. गावच्या पाळकांचं सभासदत्वाचं पत्र जोडलं तर फारच उत्तम. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अँग्लिकन कम्युनियनमध्येच (चर्च ऑफ इंग्लंडशी जोडलेल्या जगभरच्या चर्चच्या परिवारात) आहे, त्यामुळे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सभासदांनी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये प्रभुभोजन घ्यायला संकोच करू नये.