निळ्या अंगाचा बुद्ध कोणता? थांग्का ओळखायचा आहे

तापीकाठ (भुसावळ)
पुतण्या फौजेत आहे. लेहहून सुट्टीवर येताना थांग्का घेऊन आला. कापडावरचं चित्र, भोवती जरीचं रेशीम, खाली लाकडी दांडा, वरून पातळ पिवळा पडदा. मधोमध निळ्या अंगाचा बुद्ध. आई म्हणते शंकर. शेजारचे काका म्हणतात, बुद्ध निळा असतो का कधी? उजवा हात गुडघ्यावर, डावा मांडीवर. नक्की कोण? आणि हॉलमध्ये लावला तर चालेल का?

खान्देशी कुंचला (जळगाव)
फोटो टाका ना भाऊ.

पांझराकाठ (धुळे)
फोटो नसला तरी चालेल. रंग सोडा, हात बघा. निळे नेहमी दोघे भेटतात, अक्षोभ्य आणि भैषज्यगुरू. अक्षोभ्याचा उजवा तळवा आत वळलेला, बोटं जमिनीकडे. ती भूमिस्पर्श मुद्रा. डाव्या हातात वज्र. भैषज्यगुरूचा उजवा तळवा आपल्याकडे उघडा, चिमटीत डहाळी, डाव्या हातात पात्र. डहाळी कसली, तर हिरड्याची! आपल्याकडे तान्ह्या बाळाला उगाळून देतात ना, तोच. शेवटी औषधाचा बुद्ध आहे तो. अंगाचा निळा वैडूर्य रत्नाचा. जुने चित्रकार त्यासाठी अझुराइट या निळ्या खनिजाची पूड सरसात कालवत.

चित्र पालथं करूनही बघा. कपाळ, कंठ, हृदय यांच्या बरोबर मागे तिबेटी लिपीत ॐ आः हूँ लिहायची पद्धत आहे.

हॉलमध्ये खुशाल लावा, पण कूलरच्या झोतात अजिबात नको. कापडावर खडू-सरसाचा थर असतो, ओल लागली की गेला. खिडकीसमोरही नको, आपल्या उन्हात रेशीम एका मोसमात विटेल.

खान्देशी कुंचला (जळगाव)
आधी भिंग लावा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील. बाजारात तेच जास्त. आणि काकांना एकदा अजिंठ्याला न्या. सतराव्या लेणीच्या व्हरांड्यात डाव्या टोकाला भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचं चित्र आहे, बरंच झडलंय, पण आहे. तिबेटी मठांच्या दाराशी तेच चक्र रंगवतात. गाइड लोक तिथे थांबतच नाहीत, अप्सरा दाखवून पुढे पळतात.

तापीकाठ (भुसावळ)
तळवा उघडा आहे, चिमटीत डहाळी, शेंड्याला फळ. ठिपके नाहीत. मागे तीन अक्षरं आहेत, लाल रंगात. हिरडा म्हटल्यावर आई लगेच तयार झाली, शंकराचं नाव काढत नाही आता. फक्त म्हणते, खाली उदबत्ती लावीन. तो पडदा धुरासाठीच असतो का?

पांझराकाठ (धुळे)
धूर, धूळ, दोन्हींसाठी. एरवी खाली सोडून ठेवा. आणि उदबत्ती दुसऱ्या भिंतीला लावायला सांगा आईंना.