मदत हवी आहे: बदललेलं प्रोटीन आणि नाळेतल्या स्टेम सेल्स. पेटंट नेमकं कशाचं मागायचं?

पेशीवेडी
नमस्कार. पुण्यातल्या एका लॅबमध्ये पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहे. काम छापायच्या आधी पेटंटचा अर्ज करायचा, इथवर लॅबमध्ये सगळ्यांचं ठरलंय. पण कशाचा, यावर घोडं अडलंय. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ आम्ही आईच्या लेखी संमतीने घेतो. तिच्यातल्या जेलीसारख्या भागातून मेसेन्कायमल स्टेम सेल्स (हाड, कूर्चा, चरबी अशा पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) काढतो आणि कोलॅजेनच्या पातळ पापुद्र्यावर वाढवतो. पुढेमागे भाजलेल्या जखमांवर याचा उपयोग व्हावा, यासाठी हा सगळा खटाटोप. या पेशी जोमाने वाढाव्यात म्हणून मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) एफजीएफ-२ हे वाढीला चालना देणारं प्रोटीन घालतो. अडचण अशी की ते ३७ अंशांना टिकत नाही, आणि इन्क्युबेटरचं तापमान नेमकं तेच. आज घातलेलं प्रोटीन उद्यापर्यंत बरंचसं निकामी झालेलं असतं. ते भयंकर महाग आहे, आणि ते बदलायला दिवाळीतसुद्धा कुणीतरी लॅबमध्ये यावंच लागतं.

मी या प्रोटीनमध्ये दोन बदल केले. काही ठिकाणची अमिनो आम्लं बदलून ते उष्णतेला टिकाऊ केलं आणि शेवटाला कोलॅजेनला चिकटणारा तुकडा जोडला. आता पापुद्रा बफरने पुन्हा पुन्हा धुतला तरी प्रोटीन जागचं हलत नाही. साध्या प्रोटीनवरच्या पेशी काही पॅसेजनंतर (नव्या प्लेटमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांनंतर) पसरट होतात, कडा फाटल्यासारख्या दिसतात, वाढ मंदावते. या पापुद्र्यावर त्याच आईच्या पेशी लांबट, एका दिशेने ओळीत लागलेल्या दिसतात. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली हे दिसलं तेव्हा मी शेजारच्या लॅबमधल्यांनाही बोलावून दाखवलं होतं.

गाइड सरांचं म्हणणं, खरी किंमत पेशींची आहे, पेटंट त्यांचंच मागू. मला ते पटत नाही, पण कायद्यातलं काही कळत नसल्याने ठामपणे बोलता येत नाही. शिवाय काही महिन्यांपूर्वी एका परिषदेत याचं पोस्टर लागलं होतं आणि गोषवारा त्यांच्या पुस्तिकेत छापून आलाय. त्याने सगळं गेलं का?

आणखी एक. ज्या आयांनी नाळ दिली त्यांच्या पेशींवर कुणाची तरी मालकी सांगायची, हे मनाला फार लागतं. कायदा याबद्दल काय म्हणतो?

दावेदार
मुंबईत पेटंट एजंट आहे, बायोटेकचे अर्ज रोज हाताखालून जातात.

पेशीवेडी ताई, तुमचं बरोबर आहे. सरांना सांगा, पेशींचा नाद सोडा. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे प्राणी, वनस्पती आणि त्यांचा कुठलाही भाग पेटंटच्या बाहेर आहे, सूक्ष्मजीव तेवढे वगळून. नाळेतून काढलेल्या पेशीवर ही हरकत येणारच. पेशी निसर्गात आहे तशीच असेल तर ३(सी) सुद्धा लागतं, कारण निसर्गात सापडलेली गोष्ट हा शोध असला तरी कायद्याच्या भाषेत आविष्कार नव्हे. आणि "भाजलेल्या जखमेवर पापुद्रा लावण्याची पद्धत" असा क्लेम (अर्जातला हक्काचा दावा) लिहिलात तर ३(आय): माणसांवर किंवा जनावरांवर करायच्या उपचाराच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट नाही.

तुम्ही जे स्वतः घडवलंत ते मागा. बदललेल्या प्रोटीनचा क्रम (अमिनो आम्लांची ओळीने मांडणी), ते बनवणारं जनुक, त्या प्रोटीनने मढवलेला पापुद्रा, आणि त्यावर पेशी वाढवण्याची पद्धत. ही पद्धत शरीराबाहेर प्लेटमध्ये घडते, म्हणून तिला उपचार म्हणता येत नाही. पेटंट कार्यालयाची बायोटेकसाठीची मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०१३ मध्ये आली आहेत. ती मूळातून वाचा आणि सरांनाही द्या.

खरी लढाई ३(डी) वर होईल. एफजीएफ-२ हा माहीत असलेला पदार्थ आहे. त्याचं नवं रूप आणलंत तर परिणामकारकता वाढल्याचं दाखवावं लागतं, आणि नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यात १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने औषधांपुरता त्याचा अर्थ "उपचारातली परिणामकारकता" असा लावला. त्यामुळे "जास्त दिवस टिकतं" एवढ्यावर विसंबू नका. पेशी किती पट वाढल्या, किती कमी मात्रेत तेच काम झालं, हे आकडे मूळ प्रोटीनच्या शेजारी मांडून अर्जात द्या.

पोस्टरचं: कलम ३१ मध्ये विद्वत्सभेत वाचलेल्या किंवा तिच्या कामकाजात छापलेल्या निबंधाला १२ महिन्यांची सवलत आहे. पोस्टर त्यात बसतं की नाही, यावर वाद घालता येईल. पण तो वाद घालायची वेळ येऊ नये म्हणून आधी एक करा: पोस्टरवर आणि गोषवाऱ्यात अक्षरशः काय छापलंय ते इथे लिहा.

सह्याद्री_लॅब
काम छान आहे, अभिनंदन. पण अर्जाआधी जुनं वाङ्मय नीट चाळा. कोलॅजेनला चिकटणारा तुकडा वाढघटकाला जोडण्याची कल्पना १९९८ ची आहे. एका जपानी गटाने क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम या जिवाणूच्या कोलॅजिनेजमधला असा भाग ईजीएफ या दुसऱ्या वाढघटकाला आणि एफजीएफला जोडून पीएनएएस या जर्नलमध्ये छापला होता. टिकाऊ एफजीएफ-२ सुद्धा आहे. झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या गटाने २०१८ मध्ये नऊ जागी बदल करून ३७ अंशांवरचं अर्धायुष्य (निम्मं प्रोटीन निकामी व्हायला लागणारा वेळ) सुमारे १० तासांवरून २० दिवसांच्या वर नेलं.

म्हणजे दोन्ही अर्धी कामं आधीच झालेली आहेत. परीक्षक ती दोन्ही समोर ठेवून विचारेल, "यांची बेरीज कुणीही केली असती, यात नवं काय?" तुमचे बदल ब्रनोच्या बदलांपेक्षा वेगळ्या जागी आहेत का? आणि दोन्ही एकत्र आल्यावर बेरजेपेक्षा जास्त काही मिळतं का? तेच तुमचं भांडवल.

कोलॅजेन कुठून आणता?

पेशीवेडी
मनापासून आभार!

गोषवाऱ्यात "उष्णतेला टिकाऊ आणि कोलॅजेनला चिकटणारं एफजीएफ-२" एवढंच आहे. पोस्टरवर पेशींच्या वाढीचा आलेख आणि मायक्रोस्कोपचे फोटो. कोणती अमिनो आम्लं बदलली ते कुठेच नाही.

ब्रनोचा पेपर आम्हाला माहीत होता. आमच्या दोन जागा त्यांच्या यादीत नाहीत. नुसता तुकडा जोडला की प्रोटीन थोडं अस्थिर होतं, असं आम्हाला दिसलं, आणि या दोन बदलांनी ते सावरतं. १९९८ चा पेपर मात्र आजच वाचला.

कोलॅजेन रोहूच्या खवल्यांमधून काढतो. मंडईतला मासेवाला पिशवी भरून ठेवतो आमच्यासाठी.

दावेदार
हे वाचून जीव भांड्यात पडला. पोस्टरने फक्त कल्पना बाहेर गेली, आणि ती कल्पना १९९८ पासून बाहेरच होती. क्रम अजून तुमच्याकडे आहे. "तुकडा जोडल्यावर अस्थिर होतं आणि या बदलांनी सावरतं", हेच अर्जाच्या मध्यभागी ठेवा. नुसत्या बेरजेच्या आक्षेपाला तेच उत्तर आहे. तुकड्यासह, तुकड्याविना, बदलासह, बदलाविना अशा चारही प्रकारांचे आकडे एकाच प्रयोगातले असू द्या.

आता प्रीप्रिंटच्या (जर्नलआधी ऑनलाइन टाकायच्या पेपरच्या) आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखून ठेवणारा पहिला अर्ज टाका. पण प्रोव्हिजनल म्हणजे दोन पानांची चिठ्ठी नव्हे. क्रम, आकडे, पद्धत, सगळं त्यात घाला, कारण जे त्यात नाही त्याला त्या तारखेचं संरक्षण नाही. पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे, त्यामुळे पैशाचं कारण कुणी सांगत असेल तर ते टिकत नाही. महाराष्ट्राचे अर्ज अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे जातात, पण सगळं ऑनलाइन होतं.

क्लेम फार पसरट लिहू नका. "कोलॅजेनला चिकटणारं कुठलंही एफजीएफ-२" हे मोहात पाडतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये अ‍ॅमजेन विरुद्ध सनोफी खटल्यात अँटिबॉडीचे असेच, रचनेवरून नव्हे तर कामावरून लिहिलेले क्लेम एकमताने फेटाळले. जे व्हेरियंट (प्रोटीनची बदललेली रूपं) खरोखर बनवून तपासलेत तेवढ्यावर उभे राहा.

खवल्यांबद्दल: जैवविविधता कायद्यात मानवी जनुकीय सामग्री येत नाही, त्यामुळे नाळेपुरता प्रश्न नाही. मासा मात्र येतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदाराने पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते. आत्ताच सुरुवात करा. मासेवाल्याकडून खवले कधी आणि कुठून घेतले याची वही ठेवा.

म्युनिकवासी
इथे युरोपात तुमच्या १२ महिन्यांच्या सवलतीला कुणी विचारत नाही. स्वतःचं प्रकाशनसुद्धा स्वतःच्या विरोधात जातं. म्हणून परदेशाचा विचार असेल तर प्रीप्रिंट अर्जानंतरच. आणि आधी भारतात अर्ज करा. कलम ३९ मुळे परवानगीशिवाय थेट बाहेर जाता येत नाही. भारतात अर्ज केल्यावर सहा आठवडे थांबावं लागतं.

आयांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला फार महत्त्वाचं वाटतं. इथे बॉनचे स्टेम सेल संशोधक ऑलिव्हर ब्रुस्टले यांच्या, भ्रूणातल्या स्टेम सेल्सवर आधारलेल्या पेटंटला ग्रीनपीसने आव्हान दिलं. १८ ऑक्टोबर २०११ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की मानवी भ्रूण नष्ट करावा लागत असेल तर पेटंट नाही. भारतातही भ्रूणाचा व्यापारी वापर ३(बी) मध्ये अडकतो. नाळेला हा प्रश्न लागू नाही, तिथे कुणाचा जीव जात नाही. पण संमतीपत्र काढून पुन्हा वाचा. संशोधनातून पेटंट किंवा विकण्याजोगं उत्पादन निघू शकतं, हे त्या आईला तिच्या भाषेत सांगितलेलं असायला हवं. आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) यांची २०१७ ची स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वं आणि तुमच्या संस्थेची स्टेम सेल समिती यासाठीच आहे.

पेशीवेडी
संमतीपत्र बघितलं. पेटंटचा उल्लेख आहे, पण मराठी प्रतीत ते वाक्य इतकं क्लिष्ट आहे की बाळंतीण बाईला कळणं अशक्य. नवी प्रत मी लिहायला घेतली आहे, समितीसमोर नेणार. पेशींवर मालकी सांगायची नाही, हे आता सरांनाही पटलं. म्हणाले, "मग प्रोटीनचं नीट लिही."

प्रोव्हिजनलचा मसुदा सुरू आहे. एकच शंका उरली. प्रबंध सादर केला की तो शोधगंगावर (प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर) जाणार, आणि तोंडी परीक्षा खुली असते. प्रोव्हिजनल त्याआधी गेला तर प्रबंधात क्रम छापायला हरकत नाही ना? की पूर्ण अर्ज होईपर्यंत ते प्रकरण मागे ठेवू?

दावेदार
प्रबंधातलं जे जे प्रोव्हिजनलमध्ये आहे ते बिनधास्त छापा. त्यानंतर केलेले प्रयोग आणि नवे व्हेरियंट मात्र पूर्ण अर्ज जाईपर्यंत बाहेर काढू नका. ते प्रकरण काही काळ बंद ठेवता येतं का, ते विद्यापीठाला आत्ताच विचारा, सादर केल्यावर नको. आणि परीक्षकांना प्रत जाण्याआधी अर्जाचा नंबर हातात असू द्या.

पेशीवेडी
कळलं. ज्यांना प्रोटीनच्या अर्जावर ३(डी) चा आक्षेप आला होता आणि पेशींच्या आकड्यांवर तो सुटला, त्यांनी कोणते प्रयोग कामी आले ते इथे लिहिलं तर फार उपकार होतील. आमच्याकडे अजून उंदरांवरचं काही नाही. ते लगेच करायला घ्यावं का, हे मला त्यावरून ठरवता येईल.