मदत हवी आहे: मँचेस्टर युनायटेडचा तोटा कोणत्या कंपनीच्या हिशोबातून मोजायचा?

२०२२-२३ ते २०२४-२५ या तीन हंगामांचा तोटा प्रीमियर लीगच्या १०.५ कोटी पाउंडांच्या मर्यादेत बसतो का, हे पडताळतोय. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेल्या मूळ कंपनीचे वार्षिक अहवाल वाचून झाले. करपूर्व तोट्यातून लीग माफ करते ते खर्च, म्हणजे अकादमी, महिला फुटबॉल, समाजकार्य आणि स्टेडियमचा घसारा वजा केला, तरी आकडा मर्यादेत बसत नाही.

खरं दुखणं मालकीतच आहे. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब घेतला, ते क्लबच्याच माथी मारलं. व्याज तोट्यात धरलंच जातं. सहमालक जिम रॅटक्लिफ यांनी घातलेले ३० कोटी डॉलर भांडवल आहे, उत्पन्न नव्हे, त्यामुळे ते धरलेले नाहीत.

लीग मूळ कंपनीचा तोटा धरते की इंग्लंडमधल्या उपकंपनीचा? आणि डॉलरमधल्या कर्जावरचा विनिमय दराचा फरक त्यात मोजतात का?