‘आमच्या म्हाताऱ्यांना खाट नाही आणि त्यांच्या ऑपरेशनला पैसा?’ या पोस्टला उत्तर

सिव्हिल_लाइन्सवाला
तृतीयपंथीयांच्या ऑपरेशनवर आमचा टॅक्स का, अशी काल इथे पोस्ट होती. खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून लिहितो.

माझा मित्र ट्रान्समॅन आहे, म्हणजे जन्माला मुलगी म्हणून नोंद, पण आहे पुरुष. पित्ताशयात खडे झाले. लिंगबदल नाही हो, खडे! दाढी आहे, पण आधारवर जुनं नाव. काउंटरवरून तेच नाव मोठ्याने पुकारलं. आधी बायकांच्या वॉर्डात पाठवलं, तिथे नातेवाइकांनी आरडाओरड केली, मग पुरुषांच्या. तिथे हा रात्रभर लघवीला उठला नाही. सकाळी फर्मान आलं, सहीला नातेवाईक आणा. घरच्यांनी तर कधीच तोडलंय. ऑपरेशन पुढे ढकललं.

तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या २०१९च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की शस्त्रक्रिया, हार्मोन, समुपदेशन, विमा सरकारने बघायचं. ते राहू द्या. साइड रूम आणि नीट हाक, एवढं तरी?

धंतोलीकर
पोस्ट माझीच, काहून लपवू? माझे बाबा हार्नियासाठी पॅसेजमध्ये गादीवर पडून होते. तुमच्या मित्राला साइड रूम, माझ्या बापाला फरशी? वर तृतीयपंथीयांना ५ लाखांचं विमा कार्ड, आयुष्मान टीजी प्लस!

सिव्हिल_लाइन्सवाला
ती घोषणा ऑगस्ट २०२२ची. त्यावर ऑपरेशन झालेला एक माणूस दाखवा. आणि बाबा सत्तरीच्या पुढे असतील तर त्यांनाही ५ लाख आहेत, उत्पन्न न बघता, २०२४ पासून. आधी वाचा, मग भांडा.

खामल्याचा_पाटील
आणि ते नॉन-बायनरी, स्वतःला ना पुरुष ना बाई म्हणवणारे? त्यांच्यासाठी तिसरा वॉर्ड बांधा, चौथा बांधा. फॅशन करून ठेवली राजेहो.

ना_तो_ना_ती
फॅशनसाठी कोणी छाती कापून घेत नाही, काका. माझ्या ऑपरेशनच्या शिफारसपत्रासाठी डॉक्टरांनी विचारलं, ‘पूर्ण पुरुष व्हायचंय असं लिहू ना?’ हो म्हटलं. साफ खोटं. खरं सांगितलं असतं तर पत्रच मिळालं नसतं.

रात्रपाळी_सिस्टर
ओटीत आयुष्य गेलं, म्हणून बोलते. खोलीपेक्षा केसपेपर सुधारा. हार्मोन चालू आहेत का, हे भूलतज्ज्ञाला कळायला हवं. दाढीवाल्या पेशंटला गर्भाशय असेल तर ऑपरेशनआधी दिवस गेलेत का याची तपासणी हवी, ती कोणाला सुचतच नाही. ट्रान्सवूमनचं, म्हणजे जन्माला मुलगा म्हणून नोंद झालेल्या बाईचं, लिंगबदलाचं ऑपरेशन झालं तरी प्रोस्टेट आतच असतं. आम्ही लाजून विचारत नाही, ते घाबरून सांगत नाहीत. कसं विचारायचं ते नर्सिंगला शिकवलंच नाही.

पण नातेवाईक आम्ही छळायला मागत नाही. रात्री दोनला रक्त आणायला कोण धावेल?

त्रिमूर्तीनगरच्या_बाई
सिस्टर, ते सहीचं थोतांड बंद करा! सज्ञान, शुद्धीवरच्या पेशंटची स्वतःची संमती लागते, बस. समीरा कोहली खटला, सर्वोच्च न्यायालय, २००८. बाई भुलेत असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. कोर्ट म्हणालं, आईची चालत नाही.

मी लग्न केलं नाही. मोतीबिंदूच्या वेळी विचारलं, ‘मिस्टर कुठे?’ शेवटी दूधवाल्याने ‘भाऊ’ म्हणून सही ठोकली.

रात्रपाळी_सिस्टर
कोर्ट ब्लड बँकेत जात नाही, बाई.

त्रिमूर्तीनगरच्या_बाई
मग ‘मदतीला कोणाला बोलवायचं’ असा रकाना छापा. मित्र, शेजारी, कोणीही. नातं कशाला हवं?

बर्डीचा_राजू
शंभर टक्के! आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांची पोरं पुण्यात नाहीतर अमेरिकेत. मागच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांसाठी मीच ‘पुतण्या’ झालो. उद्या काही झालं तर पोलीस मलेच धरतील का, कोणी वकील आहे का इथे?

धंतोलीकर
विषय काय, तुम्ही बोलून काय राहिले! दूधवाला, पुतण्या… मी खाटांवर लिहिलं होतं.

सिव्हिल_लाइन्सवाला
खाटा कमी आहेत हा दोष खाटेवर पडलेल्याचा नाही, एवढं तरी मान्य करा.

धंतोलीकर
करतो बापा. द्या साइड रूम तुमच्या मित्राला, आणि त्यातली दुसरी खाट आमच्या बाबांना. त्यांचं घोरणं ऐकून तो स्वतःच जनरल वॉर्ड मागेल. ते सत्तरीचं कार्ड कुठे निघतं?

रात्रपाळी_सिस्टर
आयुष्मान ॲपवर. आधार लागतं.

त्रिमूर्तीनगरच्या_बाई
सिस्टर, रकान्याचं उत्तर दिलं नाहीत अजून.