उन्हाळ्यात दुपारी शेळ्या चरत नाहीत. हा आजार आहे का?

प्रश्न (चोपडा तालुका):
आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. घरातील कामे उरकून अठरा शेळ्या अकराच्या सुमारास रानात नेतो आणि साडेपाचला परत आणतो. चैत्र लागल्यापासून त्या तासाभरातच निंबाखाली जाऊन बसतात, हाकलले तरी चार पावले जाऊन पुन्हा सावलीत येतात आणि नेमक्या परतायच्या वेळी अधाशासारख्या खाऊ लागतात. दूधही घटले आहे. रानात पालाच उरला नाही म्हणून असे होत असेल का?

उत्तर (यावल तालुका):
बसल्यावर रवंथ करीत असतील, तर आजाराची शंका घेऊ नये. शेळी सकाळी आणि ऊन कलल्यावर जोमाने चरते. मधल्या वेळात ती खाल्लेले पुन्हा चावते. पोटात चारा आंबताना उष्णता निर्माण होते आणि पारा ४३-४४ अंशांवर असताना ती बाहेर टाकणे जनावराला जड जाते, म्हणून वैशाखात ही बैठक आणखी लांबते. तुम्ही त्यांना विश्रांतीच्या वेळी रानात नेता आणि भुकेच्या वेळी घरी आणता. सकाळी सहाला सोडा, साडेदहाला पाणी पाजून सावलीत बसवा आणि चारनंतर पुन्हा न्या.

उत्तर (शिरपूर तालुका):
वेळेबाबत सहमत आहे. मात्र पाला उरला नाही, हे मला पटत नाही. शेळीचा वरचा ओठ चिमटीसारखा चालतो, त्यामुळे बोर, हिवर, खैर यांच्या काट्यांमधली बारीक पानेही ती टिपते आणि मागच्या पायांवर उभी राहून गायीच्या तोंडाबाहेरच्या फांद्या गाठते. पानगळीनंतर जमिनीवरचा वाळलेला पाला, मोहाची फुले आणि पुढे बाभळीच्या शेंगा यांवर तिचे बरेच भागते. एका झाडाचे चार घास घेऊन ती पुढच्या झाडाकडे जाते, याला लोक खोड म्हणतात; पण बाभूळवर्गातील पाल्यात तुरट टॅनिन असते, ते अति झाल्यास चाऱ्यातील प्रथिने अंगी लागत नाहीत, आणि झाडे बदलत खाल्ल्याने त्याचा भार विभागला जातो. म्हणून एकाच झाडाच्या फांद्या तोडून वाड्यात टाकू नयेत.

उत्तर (नवापूर तालुका):
पहाटे सोडण्याचा हा नियम पावसाळ्यात पाळू नका. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यांवर चढलेल्या असतात. दव सुकल्यावरच कळप बाहेर काढावा.

प्रश्नकर्ता:
पाच दिवस सहाला सोडून पाहिले. दहा वाजेपर्यंत डाव्या कुशीची खळगी भरलेली दिसते आणि दुपारी हाकलण्याचा त्रास उरला नाही. दुधात अजून फरक नाही. आमच्याकडे बिबट्याचा वावर असल्याने सायंकाळी दिवस मावळण्याआधीच परतावे लागते, त्यामुळे दुसरी फेरी दोन तासांचीच होते.